ठमाबाईचा मुहूर्त

मुंबईत मुदतीच्या मध्येच नवा मुख्यमंत्री खुर्चीवर बसला, त्याच महिन्यात पोलादपूरजवळच्या वाडीत ठमाबाई महिला मंडळाची अध्यक्ष झाली. जुनी अध्यक्ष जानकीबाई लेकाकडे पुण्याला राहायला गेली, म्हणून उरलेल्या मुदतीपुरतं पद हिच्याकडे आलं. आता दोघांपुढे सवाल एकच. निवडणूक लगेच लावावी, की मुदत संपेतो बसून राहावं?

"रेडिओवर सांगतात, लोक खूश असले की घ्यावी," सून मंजुळा भाकरी थापत म्हणाली.

"लोक कधी खूश असतात गो? समोरची गावात नसंल तेव्हा घ्यावी!"

समोरची म्हणजे साळूबाई. बोलायला गोड, सगळ्या आरत्या तोंडपाठ, आणि अध्यक्षपदावर कधीपासूनचा डोळा. ती लेकीच्या बाळंतपणाला बिरवाडीला गेली मात्र, ठमाबाईने मंगळवारी देवळात निवडणूक लावलीच.

वीस बायका जमल्या. ठमाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे बसली. मतांच्या सुपाऱ्या वाटणार, इतक्यात साळूबाईचा नवरा कोंडाजी पेढे घेऊन दारात हजर.

"लेकीला लेक झाली! आठ वर्सांनी पाळणा हलला!"

बायकांचे डोळेच भरले. अशा वेळी अध्यक्षाने मुकं बसणं बरं दिसत नाही. ठमाबाई पदर सावरून उठली.

"आपली साळू आजी झाली. मंडळाकडनं तिला मानाचं कायतरी द्यायला हवं. काय द्यायचं, बोला!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "अध्यक्षपद देऊया की! किती दिस मनात हाय तिच्या."

"व्हय गो! ठमाबाईचं मन लय मोठं!"

चारचौघींत मोठं ठरलेलं मन लहान कसं करणार? ठमाबाईने स्वतःच्या हाताने नारळ फोडला. जरा जोरातच फोडला.

"आई, लोक खूश होते ना?" घरी मंजुळाने विचारलं.

"होते. माझ्यावर नव्हते."

चौथ्या दिवशी कोंडाजी निरोप घेऊन आला. "वैनी, साळू पाच म्हैने तिकडंच हाय. म्हणते, तवर मंडळ तुम्हीच बघा. फेरनिवडणूक लावायची तर तीपण तुमच्याच सवडीनं."

ठमाबाईने खिळ्यावरचं कालनिर्णय उतरवलं, चष्मा लावला.

"भावजी, तुमच्या धाकट्या लेकीला कितवा म्हैना?"

"चौथा लागला की! श्रावणात मोकळी होईल."

ठमाबाईने श्रावणाचं पान पलटून थेट भाद्रपद काढला.

"श्रावण नको गो," ती मंजुळाच्या कानाशी लागली. "त्यांच्यात पाळणा हलला की आपली खुर्ची हलते."