निरोप सांडते गा!

दीक्षाभूमीला पायी जायचं ठरवलं आणि निघायच्या दिवशी मी नवे बूट घातले.

पुढचं सगळं त्या बुटांमुळे घडलं. गोंडपिपरीच्या शाळेत मी मराठीचा मास्तर. नागपूरपर्यंत एकट्यानं चालावं, रात्री वाटेतल्या विहारात अंग टाकावं आणि दिवसभर आयुष्याचा विचार करावा, असं मी शाळेत सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. विचार मी केला. फक्त तो डाव्या टाचेच्या पलीकडे गेला नाही. गावाबाहेरचं जंगल संपायच्या आत बूट पायातून खांद्यावर आले, मी सडकेच्या मोरीवर फोड कुरवाळत बसलो, आणि मागून एक म्हातारा एकटाच बोलत आला.

आधी तो बाईच्या आवाजात रडला. मग एकदम गरजला, "तंगडं तोडीन!" आजूबाजूला तंगडं असलेला मी एकटाच होतो. मी मोरीखाली उतरलो.

"निघा बाहीर," वरून आवाज आला. "तुमाले नाई म्हनलं. भांदकच्या जवायाले म्हनलं."

हे डोमाजीभाऊ. गुडघ्यापर्यंत धोतर, हातात काठी, खांद्याला पाण्याचा तुंबा. तेही दीक्षाभूमीलाच चालले होते. दरवर्षी जात, पायी आणि एकटे. आणि जाता जाता सडकेवरच्या गावांतल्या लेकींना त्यांच्या माहेरचे निरोप देत. आमच्या भागातल्या निम्म्या पोरी या सडकेच्या आजूबाजूला दिलेल्या. टपाल होतं, पण आईला लिहिता येत नसे आणि लेकीला वाचता येत नसे, मग टपालानं तरी काय करावं? शिवाय डोमाजीभाऊंचा निरोप नुसता शब्दांचा नसे. ज्यानं दिला त्याच्या आवाजात तो पोचे. रडका निरोप रडून, रागाचा काठी उगारून.

"मी गोंडपिपरीचा मास्तर. सोबत येऊ का?" मी विचारलं.

"नोका येऊ गा. दोघं असले का बोलनं होते. बोलनं झालं का निरोप सांडते." माझ्या पायांकडे पाहून ते जरा विरघळले. "मांगं मांगं या. पन तोंड बंद."

असे आम्ही दोघं एकेकटे निघालो. ते पुढे, मी बैलगाडीभर अंतर ठेवून मागे.

भांदकला ते जावई पाहिले. चांगला मिशीवाला गडी. डोमाजीभाऊंनी अंगणात उभं राहून काठी उगारली, "मांगच्या दिवाळीले आला नाई. औंदा नाई आला तं तंगडं तोडीन!" आणि समोर खुद्द सासराच उभा असावा तसा तो गडी खाली मान घालून म्हणाला, "येतो, मामाजी." निरोप संपला. डोमाजीभाऊंनी काठी खाली केली, आवाज खाली केला आणि म्हणाले, "जयभीम पाव्हणे. च्या मांडा."

त्यानंतर मी घोडचूक केली. भर सडकेवर ओरडून विचारलं, "डोमाजीभाऊ, वरोरा किती दूर राहिलं?"

ते थांबले. दगडावर बसले. आणि उरलेले सगळे निरोप पहिल्यापासून म्हणायला लागले. रडणं, दटावणं, एका म्हातारीचा खोकला, सगळं. मी उन्हात उभा. ते झाल्यावर मला म्हणाले, "सांडलं असतं न गा!"

मग मात्र मी बोललो नाही. आणि बोललो नाही म्हणूनच की काय, टाच सोडून दुसरं काही तरी पहिल्यांदाच आठवलं. धानोऱ्याला दिलेली माझी थोरली बहीण. माझ्याकडून तिला कधी, कुणाच्या तोंडून निरोप गेला? आठवेना. बराच वेळ मी ते आठवत चाललो.

वरोऱ्याच्या अलीकडे डोमाजीभाऊंचं पुटपुटणं बंद पडलं. निरोप संपले होते. वस्तीच्या तोंडाशी एक कडुलिंब होता, त्याखाली ते बसले आणि समोरच्या कौलारू घराकडे पाहत राहिले.

"कुणाचं घर?"

"माह्या लेकीचं. वच्छलाचं."

"मग चला की!"

"नाई जमत." काठीनं मातीत रेघ ओढत त्यांनी कारण सांगितलं. काही वर्षांमागे वच्छला तापानं फणफणलेली असताना सासू तिला विहिरीवर धाडते, असं घरी कळलं होतं. डोमाजीभाऊंच्या बायकोनं नवऱ्याजवळ निरोप दिला. तो त्यांनी या अंगणात, भरल्या पाव्हण्यांत, कमरेवर हात ठेवून बायकोच्या आवाजात पोचवला: "म्हातारे, एक घागर आपल्या हातानं उचलून पाह्य! कंबर मोडते का नाई तं सांग!"

"जसा देल्ला तसा नेला गा. एक शब्द सांडला नाई. वच्छला म्हने, बाबा, आता माह्या दारात येऊ नोका. आपल्या मायच्या मातीले आली, पन बोलली नाई. मी दरसाल इथंच बसतो. लेक अंगनात दिसली का उठतो."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपला निरोप आपल्याले नाई नेता येत मास्तर. तुमी न्या. सांगा, बाबा म्हनते पानी पेऊन जाऊ का. बस. सांडू नोका."

कडुलिंबापासून दारापर्यंत अंतर ते किती! तेवढ्यात माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. इतक्या वर्षांचा अबोला, आणि निरोप एवढासा? मी तो सजवला.

घरापुढच्या छपरीत सासूबाई सुपात जवस पाखडत होत्या. वच्छला दोरीवर कपडे टाकत होती. गोंडपिपरीचा मास्तर अशी ओळख देऊन मी घसा साफ केला. "ताई, आपले वृद्ध पिताश्री पश्चात्तापाने पोळून आपल्या दर्शनासाठी व्याकूळ झाले आहेत. त्यांच्या नेत्रांतून..."

"डोये आले का कोनाचे?" सासूबाईंनी विचारलं.

वच्छला माझ्याकडे रोखून बघत होती. "माहा बाप असा बोलत नाई. काय म्हनला थो? खरं सांगा."

मी सांगितलं. त्या सडकेनं चालून चालून माझ्या घशात काय बसलं होतं कोण जाणे. आवाज डोमाजीभाऊंचाच निघाला. जाडाभरडा, शेवटाला बसणारा. "पानी पेऊन जाऊ का?"

ओलं लुगडं वच्छलाच्या हातात तसंच राहिलं. तिनं सासूकडे पाहिलं. सूप थांबलं होतं. सासूबाईंनी ते बाजूला सारलं. कमरेवर हात ठेवून कण्हत उठल्या, कोपऱ्यातली घागर आपल्या हातानं कलती केली, लोटा भरला आणि सुनेपुढे धरला. "ने."

वच्छला धावली. निम्मं पाणी अंगणातच सांडलं. कडुलिंबाखाली डोमाजीभाऊ उठून उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. साऱ्या सडकेचे आवाज काढणारा माणूस; आपला आवाज काही त्यांना सापडेना.

"तिथंच काऊन पाजतं व?" माझ्या मागून सासूबाई गरजल्या. "आत आन त्याइले! अन् आता निरोप असला तं त्याइनंच आनाचा. शिव्या देते, पन जशाच्या तशा देते. या मास्तरचा काय भरोसा? बूट बी खांद्यावर घालते!"