वासुदेवमामांची बाटली

लग्न असो, बारसं असो की तेरवी, आमचे शेजारी वासुदेवमामा पाण्याची बाटली घरूनच नेतात. दुसऱ्याकडचं पाणी ओठाला लावायचं नाही, हा त्यांचा हट्ट.

माझ्या चुलतभावाच्या सोयरिकीला आम्ही बीबी गावाला गेलो. मुलीकडच्यांनी पाणी पुढं केलं आणि मामांनी पिशवीतून बाटली काढली. मुलीचे वडील उठूनच उभे राहिले.

"काऊन? आमच्या घरचं पाणी चालत नाही तुम्हाले?"

"नाही चालत," मामा म्हणाले. "माह्या बोरचं बी नाही चालत. फ्लोराईड जात नाही पाहत, हाडं पाहते."

ती सोयरीक कशी वाचली, ते आमचं आम्हाला ठाऊक.

आमच्या सुलतानपुरात मामांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. गावातलं फ्लोराईड काढायचं फिल्टरचं मशीन बंद पडलं, त्या सुमारास कॉलेजच्या काही मुली प्रयोग करायला आल्या. ड्रममध्ये ॲल्युमिनियमच्या प्लेटा सोडायच्या, बॅटरीचा करंट द्यायचा. पांढरा गाळ धरतो, तो फ्लोराईड घेऊन खाली बसतो, वरचं पाणी गाळून प्यायचं. मुली गेल्या, प्लेटा मामांकडे राहिल्या; बाटलीत असतं ते याच ड्रमचं पाणी. "झटका देल्याशिवाय पाणी बी सुदरत नाही अन् माणूस बी," हे त्यांचं पालुपद.

एका पाहुण्यानं प्यायच्या आधी पेल्याला टेस्टर लावून पाहिला. मामांनी तोच टेस्टर त्याच्या कपाळाला लावला. "इथं बी करंट नाही," म्हणाले.

मला वाटायचं, मामांना भांडायला निमित्त लागतं. मग दिवाळीला त्यांची मुलगी मंदा पुण्याहून आली. तिच्या लेकीचं बालपण इथंच, आजोळी गेलं. पोरीचे पक्के दात आले ते फ्लोराईडचे तपकिरी डाग घेऊन. तेव्हापासून मंदा माहेरीसुद्धा विकतच्या पाण्याचा खोका घेऊन येते. मामांनी ड्रम मांडला तो त्यानंतरच, हे माझ्या ध्यानात आलं.

मंदानं ओसरीवर बसून खोका फोडला. मामांनी ड्रमचं पाणी पेल्यात आणून तिच्यापुढं ठेवलं. भाषण नाही, पालुपद नाही.

"तपासून आणलं आहे. पाह्य, वाटलं तर."

मंदानं हातातल्या बाटलीचं झाकण परत लावलं. अर्धा पेला ती प्यायली. उरलेला लेकीला दिला.

मामा वळले आणि ड्रमच्या वायरी चाचपत बसले, आमच्याकडं पाठ करून.

"काय झालं मामा?" मी विचारलं.

"काही नाही बे. करंट पाहून राह्यलो."

बॅटरी अंगणात पडली होती, वायरी सुटलेल्या.