आप्पांचा गुरुवारचा तास

बाळांनो, आमच्या शेजारचे आप्पा गुरुजी दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता फोनसमोर स्टीलचं ताट धरतात आणि पळीने बडवतात. तो आवाज रेकॉर्ड होऊन व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोनशे शिक्षकांकडे जातो. म्हणजे शाळा भरली.

आप्पांनी उभा जन्म वडगाव रासाईच्या शाळेत काढला. निवृत्त होऊन शिरूरला आले आणि हा ग्रुप काढला. अर्धा तास, एकच प्रश्न. "पाढ्यांना भिणारं पोर कसं धीट कराल?" यवतच्या बाई सांगतात, शिक्रापूरचे सर सांगतात, ज्यांच्या वर्गातली निम्मी मुलं घरी हिंदी बोलतात. मी चष्मा लावून आप्पांना सगळं वाचून दाखवते, ते सांगतील ते टाइप करते आणि वहीत क्रमवार उतरवून ठेवते.

नियम कडक. आप्पा ज्याचं नाव घेतील त्यानेच उत्तर द्यायचं. फुलं, सुविचार, वाढदिवस बंद. एका मुख्याध्यापकांनी एकदा गुलाब पाठवला.

"सर, धा मिन्टं बाकावर उभं ऱ्हावा," आप्पांनी फर्मावलं.

"उभा आहे, गुरुजी." आणि बरोबर दहा मिनिटांनी, "बसू का?"

असं हे यश. लांबलांबचे शिक्षक आत घेण्यासाठी मागे लागतात. आप्पांना मात्र त्याचं काही नाही. तास सुटला की ते मला एकच विचारतात, "वहिनी, मंदीनं वाचलं का बघा."

मंदा त्यांची मुलगी. मेळघाटात एका शाळेवर शिक्षिका आहे. ती सगळं वाचते, लिहीत काही नाही. फोनवर बापलेकीचं बोलणं जेवण आणि औषधं यांपुढे जात नाही. (तुमचा परगावाहून फोन आला की मीही हवामानावरच अडकते, तेव्हा हसू नका.)

"माझ्याच वर्गात चार वर्सं होती," आप्पा एकदा म्हणाले. "रोज हात वर करायची. म्या कवा नाव घेतलं न्हाई. लोक म्हणतील, गुरुजी आपलीच पोरगी पुढं काढत्यात. लई हुशार होती, वहिनी. तिचं एकसुदिक उत्तर ऐकलं न्हाई म्या."

"मग आता घ्या की नाव!"

"आन् न्हाई बोलली तर? दोनशे माणसांत?"

असे कितीतरी गुरुवार गेले. परवाचा प्रश्न होता, वर्गातलं गप्प मूल बोलतं कसं करावं. यवतच्या बाईंनी "मी सांगू?" म्हणून विचारलं. पण आप्पांनी या वेळी स्वतःच टाइप केलं, "मंदे, तू सांग."

पाच मिनिटं गेली. आप्पांनी फोन उपडा ठेवला, "चुकलंच माझं," म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पांना कमी ऐकू येतं, म्हणून मी स्पीकर लावला. पलीकडे वाऱ्याचा घोंघाट.

"आप्पा, लिहिता येईना. एका हातानं शिडी धरलीय. हितं रेंज फकस्त पाण्याच्या टाकीवर मिळती."

"टाकीवर? आन् कवापास्नं?"

"दर गुरुवारी चढते की."

"मग इतके दिस बोलली का न्हाईस?"

"तुम्ही नाव कुठं घेतलं माझं?"

आप्पांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"उतर खाली, पडशील," ते म्हणाले. आणि लगेच, "न्हाई, थांब. नीट धर शिडी. आधी उत्तर सांग."