दुपारी एक ते तीन

गुरुवार उजाडला तरी एतेरीचा कागद कोराच होता.

कागद फ्रिजच्या दारावर लटकत होता. वर जर्मन शिकवणाऱ्या क्राउसबाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'आपल्या इमारतीतल्या शेजाऱ्याशी पंधरा मिनिटे जर्मनमध्ये बोलणे.' खाली सहीची जागा. शुक्रवारी सकाळी सही दाखवली नाही, तर पुढच्या वर्गात जागा नाही. आणि तो वर्ग झाल्याशिवाय कोपऱ्यावरचा औषधवाला तिला कामावर घ्यायला तयार नव्हता. जॉर्जियात, कुतैसीत सहा वर्षं दुकानाच्या फळीमागे उभी राहून औषधं दिलेली बाई इथे आठ महिने लेकीला खिमट भरवत, खिडकीतून नेकार नदी बघत बसली होती.

"अगं, घरं आहेत की एवढी," नवरा झाझा बूट चढवत म्हणाला. "धर एकाला आणि बोल."

"धरू कशी? जिन्यात भेटतात, 'नमस्कार' म्हणतात, की दार बंद. असे पंधरा मिनिटांचे नमस्कार जमवायचे तर केतोचं लग्न होईल."

"तोवर दात तरी येतील तिला," असं म्हणून झाझा सटकला.

दातच येत होते. चौदा महिन्यांची केतो तीन दिवस धड झोपली नव्हती, म्हणून एतेरीही नव्हती. सगळं जग तिला दुधावरच्या सायीतून पाहिल्यासारखं दिसत होतं. खिडकीबाहेर चेस्टनटची पिवळी पानं गळत होती, आणि ती खाली पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेताहेत असं तिला वाटत होतं.

अकराला बेल वाजली. पार्सलवाला.

"लोमिद्झेबाई, वरच्या आयझेलेसाहेबांचं ठेवून घेता का? घरी नाहीत ते."

"हो, आनंदानं!" एतेरी म्हणाली. एवढं एकच वाक्य तिला अडखळल्याशिवाय म्हणता यायचं, म्हणून ती ते मिळेल तिथे म्हणायची.

"मग तळमजल्याच्या हेबर्लेबाईंचंही घ्या. आणि माळ्यावरच्या वेंडेलिनचं?"

"हो, आनंदानं! हो, आनंदानं!"

"देवमाणूस आहात हो!" तो म्हणाला आणि 'पार्सल लोमिद्झेंकडे' अशा चिठ्ठ्या तिघांच्या टपालपेट्यांत टाकून पसार झाला.

दार लावल्यावर एतेरीच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे आज तीन शेजारी आपल्या पायांनी इथे येणार! तिने पदर खोचावा तसा ॲप्रन बांधला. पीठ मळलं, चीज किसलं, खाचापुरी, म्हणजे माहेरची चीजभरली रोटी, भाजायला टाकली. वितळलेल्या चीजच्या वासाला ओलांडून कोण जातं ते बघूच. मग हाताला लागलेलं पीठ झटकत ती आरशासमोर वाक्यं घोकू लागली. हवा छान आहे. आपण मूळचे इथलेच का? चेस्टनट यंदा लवकर पिकले, नाही?

पहिला आला वेंडेलिन. ट्रॉम्बोन वाजवणारा उंच, वाकलेला तरुण.

"माझं पार्सल? थँक्यू हं! तालमीला उशीर झालाय." दाराजवळचं खोकं उचललं, एतेरीच्या हातात चॉकलेट कोंबलं आणि तो गेला. चाळीस सेकंद. तिचं 'हवा' तोंडातच राहिलं.

"असं काय?" ती केतोला म्हणाली. "मग आता पार्सलं शोधायलाच पंधरा मिनिटं लागतील असं करू."

उरलेल्या दोनांतलं लहान खोकं तिने बैठकीच्या कोपऱ्यात ढकललं आणि त्याच्यापुढे आयझेलेसाहेबांचं भलंमोठं पार्सल आडवं टाकलं. त्यावर परांच्या दुलईचं चित्र होतं. केतोने ते दाबून पाहिलं. मऊ होतं. ती त्यावर चढली, पोटावर पालथी पडली, अंगठा तोंडात गेला, आणि तीन दिवसांत जे घडलं नव्हतं ते तीन श्वासांत घडलं. पोर गाढ झोपली.

एतेरी श्वास रोखून बघत राहिली. तेवढ्यात दारावर टकटक झाली. एकला दोन मिनिटं कमी होती.

दारात आयझेलेसाहेब. रेल्वेत वेळापत्रकं आखून निवृत्त झालेले. इमारतीची नियमावली जिन्यात त्यांनीच लावलेली. दुपारी एक ते तीन आवाज बंद, हा त्यातला तांबड्या शाईतला नियम. वेंडेलिनशी त्यांचं याच नियमावरून वर्षभर वाकडं होतं.

"माझी दुलई आलीय म्हणे तुमच्याकडे."

"हो, आनंदानं! या, बसा! हवा छान आहे!"

"पाऊस येणारेय," ते म्हणाले. आत आले, दुलई पाहिली, दुलईवरची केतो पाहिली. "हे काय?"

"झोपली. तीन दिवस नाही झोप. दात." एतेरीने दात दाखवले. "आपण मूळचे…"

चर्चच्या घड्याळात एकचा ठोका पडला. आयझेलेसाहेबांनी बोट ओठांवर ठेवलं.

एतेरीचं वाक्य अर्ध्यात लटकलं. साहेबांनी आधी केतोकडे, मग घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची दोन्ही हातांनी अलगद उचलून मागे घेतली आणि तीन वाजेपर्यंत बसायच्या तयारीने बसले. जर्मन बोलणारा अख्खा माणूस दोन तासांसाठी तिच्या घरात आला होता, आणि बोलायची बंदी होती!

सव्वाला हेबर्लेबाई आल्या. "अहो, माझी लोकर…" एवढं म्हणेतो साहेबांचं बोट ओठांवर गेलं. बाईंनी बाळ पाहिलं, हात छातीशी नेला आणि जोडे काढून साहेबांशेजारी येऊन बसल्या. पाठोपाठ धापा टाकत वेंडेलिन. घाईत त्याने हेबर्लेबाईंचं खोकं नेलं होतं. तालमीत उघडलं तर आत जांभळी लोकर, म्हणून तो ते परत घेऊन आला होता. त्याचं खोकं आता दुलईमागे, आणि दुलईवर केतो. तोही बसला. साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने दोन्ही हात रिकामे करून दाखवले : ट्रॉम्बोन आणलेला नाही.

एतेरीने खाचापुरी वाढली. कड कुरकुरीत निघाली होती. साहेबांनी पहिला घास चावला, कुर्र झालं, आणि त्यांचे कान लाल झाले. मग ते घास तोंडात धरून मऊ व्हायची वाट बघत बसले. वेंडेलिनचं पोट गुरगुरलं, तर साहेबांनी नियमावलीच्या नजरेने त्या पोटाकडे पाहिलं. हेबर्लेबाईंनी लोकरीच्या एका गुंड्याचं टोक काढलं आणि तो गुंडा वेंडेलिनच्या मांडीवर ठेवला. खिशातून सुया निघाल्या, चालू लागल्या. तो गुंडा उलगडत राहिला.

खोली ऊबदार झाली. चीजचा वास, लोकरीचा वास, काचेवर उतरलेला पावसाचा पडदा. साहेब म्हणाले होते तसा पाऊस आलाच. एतेरीच्या तोंडात तयार असलेली वाक्यं शाळेतल्या मुलांसारखी रांगेत उभी होती. एकेक करून ती खाली बसली आणि डुलायला लागली. मग तीही. स्वप्नात ती कुतैसीच्या द्राक्षमळ्यात घडाघडा जर्मन बोलत होती. शेळ्या 'हो, आनंदानं' म्हणत होत्या.

जागी झाली तेव्हा तिचं डोकं हेबर्लेबाईंच्या खांद्यावर होतं आणि घड्याळात तीनचे ठोके पडत होते. केतोने डोळे उघडले, चार माणसं पाहिली आणि नव्या दातासकट हसली.

खुर्च्या सरकल्या, हेबर्लेबाईंनी केतोला उचललं. "बरंय, येतो," साहेब दुलई उचलत म्हणाले.

"थांबा!" एतेरी कागद घेऊन आडवी उभी राहिली. "सही पाहिजे. उद्या नाही सही, तर नाही वर्ग. नाही वर्ग, नाही काम."

साहेबांनी चष्मा लावून कागद वाचला. "पंधरा मिनिटं बोलणं. आपण किती बोललो?"

"दोन मिनिटं," एतेरी कसंबसं म्हणाली.

"मग खोटी सही मी करणार नाही."

"अहो, द्या ना एक सही!" हेबर्लेबाई कडाडल्या. "काय तोफेच्या तोंडी देताहेत का तुम्हाला?"

"त्यांच्या खाचापुरीचे तीन तुकडे खाल्लेत तुम्ही," वेंडेलिन म्हणाला. "मी मोजले. दुसरं काही करायला बंदी होती."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. एतेरीचे डोळे भरून आले, कारण ते 'बोलणे' या शब्दावर पट्टीने ओढावी तशी सरळ काट मारत होते. मग वर सावकाश काहीतरी लिहिलं, सही केली आणि पेन हेबर्लेबाईंना दिलं. तिघांच्या सह्या झाल्या.

शुक्रवारी क्राउसबाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं : "लोमिद्झेबाई आमच्यासोबत दोन तास जर्मन पद्धतीने शांत राहिल्या. एकही चूक झाली नाही."

वर्ग खदखदून हसला. क्राउसबाई मात्र हसल्या नाहीत. "बोलायला मी कुणालाही शिकवेन," त्या म्हणाल्या. "हे माझ्याच्याने झालं नसतं." आणि शिक्का मारला.

केतोला घेऊन उड्या मारत एतेरी घरी आली, तर जिन्यात नियमावलीशेजारी नवा टंकलेला कागद : 'दर गुरुवारी, दुपारी एक ते तीन, लोमिद्झेंकडे एकत्र शांत बसणे. कृपया बोलू नये. — आयझेले.'

तिने कपाळाला हात लावला. मग केतोला काखोटीला मारून पर्समधली पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं : 'तीन नंतर चहा. कृपया बोलावे.'

संध्याकाळी कचरा टाकायला उतरली तेव्हा तिच्या ओळीतली एक चूक तांबड्या शाईने दुरुस्त झालेली होती. आणि तिच्याखाली, चहाला येणाऱ्यांत पहिली सही होती : आयझेले.