अकरा बंद औषधं आणि एक व्हायोलिन

"आजवर तुमची किती औषधं दुकानात आली?"

शाळेच्या भर कार्यक्रमात, माइक हातात घेऊन पोरीनं हा प्रश्न विचारला तो साक्षात स्वतःच्या आईला. आई एका औषध कंपनीत संशोधनाची प्रमुख आणि आजची पाहुणी. मैत्रिणींनी पैज लावली होती, "विचारून दाखव, खिडकीची जागा तुझी!" गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही हिचा आवाज घशात अडकायचा. हल्ली तो असा काही मोकळा झाला होता, की मैत्रिणी तिला 'भोंगा' म्हणत.

"एकही नाही," आई म्हणाली.

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं भोंग्याला झालं.

"अकरा बंद मात्र केली," आई शांतपणे पुढे बोलली. "औषधाचा उपयोग होत नाही, हे दिसत असतं. पण चाळीस जणांनी त्यावर चार-चार वर्षं घाम गाळलेला असतो. प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांचा जीव गुंतलाय, आपण कशाला तोंड उघडायचं? ते तोंड उघडायला मला ठेवलंय. बारावं औषध मात्र चांगलं चाललंय हं!"

टाळ्यांनी छत हाललं. भोंगा ऐटीत खिडकीशी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शाळेत नुसती बंदची साथ पसरली. एकीनं बीजगणित बंद केलं. म्हणे, इतकी वर्षं घेतेय, पण गुण येत नाही. पाचवीतल्या पोरांनी आंघोळ बंद केली. एका अख्ख्या वर्गानं इतिहासाच्या बाईंनाच विचारलं, "बाई, तुम्ही कधी बंद होताय?" दुपारी मुख्याध्यापिकांचा फोन आला, "मॅडम, बाराव्या औषधाआधी माझी शाळा बंद पडेल हो!"

संध्याकाळी आईनं भोंग्याला समोर बसवलं. "अगं, मनात आलं म्हणून काही बंद करत नाहीत. पुरावा लागतो. आणि तपासताना खरं औषध कुठलं आणि नुसती साखरेची गोळी कुठली, ते कुणालाच कळू द्यायचं नाही. नाहीतर ज्याला त्याला हवं तेच दिसतं."

भोंग्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. येत्या रविवारी तिला भरल्या सभागृहात एकटीनं व्हायोलिन वाजवायचं होतं. तीन वर्षं शिकून ते व्हायोलिन अजून दाराच्या बिजागरीसारखं करकरत होतं. पण साऱ्या शाळेसमोर बोलणारी ही पोर घरात मात्र "नको" म्हणू शकत नव्हती. आईबाबांचा केवढा जीव त्या व्हायोलिनवर!

तिनं मोबाइलमधून स्वतःच्याच वाजवण्याची दोन रेकॉर्डिंग्ज शोधून काढली. एक पहिल्या महिन्यातलं, एक कालचं. शेजारच्या मैत्रिणीला पडद्याआड बसवलं आणि नाणं उडवून क्रम ठरवायला सांगितलं. आईबाबा सोफ्यावर. कालचं कुठलं, ते त्यांनी ओळखायचं.

पहिल्याला बाबांनी लिंबू चावल्यासारखं तोंड केलं. दुसरं सुरू होताच मान डोलावली. "वा! हे कालचं! हात बघ कसा बसलाय!"

"हो, उघडच आहे," आई म्हणाली.

पडद्याआडून मैत्रिणीचं डोकं बाहेर आलं. "काका, ते तीन वर्षांपूर्वीचं."

बाबा खाकरले. "तरी मी म्हणतच होतो..."

"काय म्हणत होतात? रोज वा वा करायचात!" आई उसळली.

"तुला आवडतं म्हणून!"

"मला? अहो, मी तुमच्यासाठी सोसत होते!"

दोघांनी भोंग्याकडे पाहिलं.

"आणि मी तुम्हा दोघांसाठी वाजवत होते," भोंगा म्हणाली.

आईनं कपाळावर हात मारला. "अकरा औषधं बंद करणारी बाई मी! आणि माझ्याच घरात तीन वर्षं कुणी तोंड उघडलं नाही!"

"मग आता मी उघडते. रविवारी मी वाजवणार नाही. व्हायोलिन बंद."

आईबाबांनी एकदमच सुस्कारा सोडला. बाबांनी तर उठून शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी उघडली. ती तीन वर्षं लावलेलीच होती. आईनं लेकीला जवळ घेतलं. "शाब्बास गं! आणि हे बघ, वाईट नाही वाटून घ्यायचं. एक बंद झालं, की हात दुसऱ्या कामाला मोकळे होतात."

"तेच तर!" भोंगा टुणकन सोफ्यावर उभी राहिली. "आई, बाबा, ठरलंय माझं. सोमवारपासून मी ड्रम शिकणार!"