हवा किती हवी?

नवऱ्याने लेन्सवर तोंडाने फुंकर मारली आणि बायकोने कपाळावर हात मारला.

"अरे, धूळ गेली, पण चहा आला!"

काचेवर खरोखरच बारीक थेंब उडाले होते. बायको घरीच लोकांचे फोटो काढून द्यायची. पुढच्या खोलीतली मोठी खिडकी, एक पांढरा पडदा आणि एक खुर्ची एवढाच तिचा स्टुडिओ. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका फोटोसाठी येणार होत्या. त्यांचा मोठा फोटो शाळेच्या सभागृहात लागायचा होता. आधीच्या दोन फोटोग्राफरांना बाईंनी वाटेला लावलं होतं, कारण प्रत्येक फोटोत त्या नापास मुलाकडे बघितल्यासारख्या दिसत होत्या. हा फोटो जमला तर शाळेचं वर्षभराचं काम घरात येणार होतं. धूळ बसलेल्या काचेपायी ते घालवायची बायकोची तयारी नव्हती.

"ऑफिसातून येताना ब्लोअर आण. हवा मारायचा रबरी फुगा असतो, कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो. आणि हे बघ, चौकशा करत बसू नकोस. घे आणि ये."

ही शेवटची तंबी उगाच नव्हती. नवऱ्याला सासरी सगळे 'चौकशी समिती' म्हणत. साधं पायपुसणं घ्यायचं तरी तो त्याच्यावर उभा राहून बघायचा, बसून बघायचा, आणि शेवटी ते न घेताच परत यायचा.

संध्याकाळी कॅमेऱ्याच्या दुकानदाराने त्याच्यापुढे तीन फुगे मांडले. लहान, मधला, मोठा.

"यांत फरक काय?"

"आकाराचा."

"आणि हवेत?"

"साहेब, हवा इथलीच. आम्ही काही भरून देत नाही."

"इथलीच? मग इथली धूळपण आत ओढत असेल की!"

"या मोठ्याला मागे जाळी आहे. धूळ बाहेर अडते."

"असं तुम्ही म्हणता."

ते तपासायला नवऱ्याने मोठा फुगा वरच्या फळीकडे रोखला आणि दोन्ही हातांनी दाबला. त्या फळीवरची धूळ दुकानाच्या उद्घाटनापासून सुखाने नांदत होती. ती उठली आणि थेट मालकाच्या डोळ्यांत शिरली. डोळे चोळत मालक म्हणाला, "साहेब, आज राहू द्या. शांतपणे विचार करा. घरी जाऊन."

नवरा पडलेल्या चेहऱ्याने निघाला. रिकाम्या हाताने घरी जायची सोय नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात, काचेच्या कपाटात, त्याला एक लाल, गुबगुबीत रबरी फुगा दिसला. पुढे निमुळती नळी, जाड रबर, दणकट काम. माणसांच्या तब्येतीसाठी केलेली वस्तू कॅमेऱ्याच्या वस्तूपेक्षा चांगलीच असणार, असं त्याला वाटलं. हा फुगा मुळात कशासाठी असतो, ही एकच चौकशी त्याने केली नाही.

"तो लाल द्या बरं. जोर चांगला आहे ना?"

"मोठ्या माणसासाठी की लहान मुलासाठी?" औषधवाल्याने आवाज खाली आणून विचारलं.

"मोठ्यासाठीच!" नवऱ्याने आवाज खाली आणला नाही. "कोपऱ्यात अडकलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं पाहिजे. पण नळी टोचायला नको, भाग फार नाजूक आहे."

"त्रास तुम्हाला आहे का?"

"छे! बायकोला. आजवर मी तोंडाने भागवत होतो, पण तिला ते पटेना."

औषधवाल्याने घाईघाईने फुगा कागदात गुंडाळला. मागे खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या असलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकू खोकायचंच विसरल्या.

घरी आल्यावर नवऱ्याने मोठ्या ऐटीत फुगा पुढे केला. बायकोने तो लेन्सजवळ धरून दाबला. भस्सकन पांढरी पावडर उडाली आणि लेन्सवर साय धरल्यासारखा थर बसला. नवं रबर आतून चिकटू नये म्हणून ती घातलेली होती.

"हे कुठून आणलंस?"

"मेडिकलमधून. रबर बघ ना कसलं आहे!"

बायकोने फुगा उलटसुलट करून बघितला. तो एनिमाचा आहे हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं आणि तिने तो दोन बोटांनी अलगद टेबलावर ठेवला. तोच बेल वाजली. दारात काकू, हातात एरंडेलाची बाटली.

"लाजू नकोस गं पोरी. दोन चमचे कोमट पाण्यातून घे, सकाळी मोकळी."

पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या वहिनी पिकलेली पपई देऊन गेल्या. मग काकूंकडून कळून बायकोच्या आईचा फोन आला. "जावयांना तुझ्यासाठी काय काय करावं लागतंय गं! इतकं झालं आणि मला कळवलं नाहीस?"

बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं की तो आपणहून उठला. "मी सांगून येतो सगळ्यांना. कॅमेऱ्यासाठी होतं म्हणून."

तो काकूंकडे गेला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या मायेने म्हणाल्या, "हो हो, कॅमेऱ्याचंच सांगा. बाहेरच्यांना तेच बरं."

तो परत आला तेव्हा बायको हातात फोन धरून उभी होती. काकू आणि मुख्याध्यापिकाबाई रोज बरोबर फिरायला जात. बाईंनी कमी शब्दांत कळवलं होतं, "उद्याचं रद्द. तब्येत सांभाळा."

बायको रडली नाही, भांडलीही नाही. मऊ ब्रशने लेन्सवरचा एकेक कण काढत बसली. नवऱ्याला ते भांडणापेक्षा जड गेलं. त्याने स्वतःहून कपबशा विसळल्या.

सकाळी बेल वाजली. दारात साक्षात मुख्याध्यापिकाबाई. कडक इस्त्रीचे कपडे, त्याहून कडक चेहरा.

"रात्री फोन केला तेव्हा घरात पाहुणे होते, मोकळेपणाने बोलता येईना," त्या आत येत म्हणाल्या. "मला स्वतःला हा त्रास उभी हयात आहे. शाळेत कोणाला बोलले नाही कधी. ती मुलं म्हणायची, बाई सारख्या चिडतात! अगं, पोटात असं असताना हसणार कशी?"

त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि बोलायला लागल्या. भिजवलेले मनुके, सकाळचं चालणं, न मानवणारी औषधं. इतक्या वर्षांचं साठलेलं धो धो बाहेर पडत होतं, आणि चेहऱ्याची एकेक घडी उलगडत होती. बायकोने हळूच कॅमेरा उचलला.

नवऱ्याचा प्रामाणिकपणा नेमका तेव्हाच जागा झाला. "बाई, खरं म्हणजे तो फुगा ना..."

बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. चांगलाच दिला.

"तर काय गं," बाईंनी आपुलकीने विचारलं, "तुझा हा त्रास कधीपासूनचा?"

बायकोने कॅमेऱ्याआडून नवऱ्याकडे बघितलं.

"लग्न झाल्यापासून."

बाईंनी पाय चोळत उभ्या असलेल्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग त्याला औषध नाही," त्या म्हणाल्या, आणि अशा खळखळून हसल्या की बायकोचं बोट शटरवरून उठेचना.