गाण्याशिवाय वाढू नका

आमच्या शेजारचे शंकरकाका कुठल्याही खाद्यमहोत्सवात घरची स्टीलची ताटली घेऊन जातात आणि ती पुढे करण्याआधी विचारतात, "ह्याचं गाणं कोणतं?"

समोरचा गोंधळतो. मग काका समजावतात, "अहो, दळताना, थापताना तुमच्याकडच्या बायका काहीतरी म्हणत असतील ना? ते म्हणा आधी. गाण्याशिवाय वाढू नका."

काका नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे. एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण भूक लागली की अहिराणीवर येतात. त्यांना स्कूटरवरून नेणं हे माझं काम. त्यांना जे आवडत नाही ते मी संपवायचं, असा आमचा करार आहे. करार माझ्या फायद्याचा आहे, हे माझ्या पोटाकडे बघून कुणीही सांगेल.

घोटीला तांदळाच्या महोत्सवात काकांनी भातलावणीची गाणी म्हणायला लावली. बायका अशा रंगल्या की चुलीवरचा भात लागला. काकांनी तोच करपलेला भात मागून घेतला, एक घास खाल्ला, "चाल झकास होती" म्हणाले आणि ताटली माझ्याकडे सरकवली. एका मिसळवाल्याला त्यांनी मिसळीचं गाणं विचारलं, तेव्हा तो रश्शाचा डाव हलवत म्हणाला, "काका, खायला लागा. नाकातून आपोआप सुरू होतं." हे उत्तर काकांना इतकं आवडलं की ते त्या दिवशी दोन मिसळी खाऊन सूंसूं करत घरी आले.

एकदा मी वैतागून विचारलंच, "काका, हा उपद्व्याप कशासाठी?"

काका मग म्हणाले, "आई मांडे करताना एक ओवी म्हणायची. मी शाळेत जायच्या आधीच ती गेली. तिचा फोटोसुद्धा नाही रे. ओवीची पहिली ओळ तेवढी आठवते. दुसरी कुणाला तरी येत असेल ना?"

त्यानंतर मी पेट्रोलबद्दल कधी कुरकुर केली नाही.

गेल्या हिवाळ्यात नाशिकमध्येच बचत गटांचा महोत्सव भरला होता. एका कोपऱ्यात सटाण्याकडची एक म्हातारी आजी मांडे करत होती. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झुलवत ती कोपरापर्यंत वाढवायची आणि पालथ्या खापरावर अलगद टाकायची. काकांनी ताटली काखेत मारली आणि नेहमीचा प्रश्न विसरून एकदम गायलाच लागले, "खापरवर मांडा, वास गया वेशीमा..."

पुढे ते नेहमीसारखे अडकले. आजीने मान वर न करता ओळ पुरी केली, "पयत उना मना गोट्या, बठना मनी कुशीमा."

मांड्याचा वास वेशीपर्यंत गेला आणि माझा गोट्या पळत येऊन माझ्या कुशीत बसला. इतकी साधी ओळ. पण काकांचा चेहरा पडला. "गोट्या? आमच्या घरात गोट्या नावाचं कुणीच नव्हतं."

"गोट्या मना पोऱ्या शे," आजी म्हणाली. "जी गास ती आपला पोऱ्यानं नाव घालस. तुमनी माय तुमनं घालत व्हई."

म्हणजे जी गाते ती ओळीत आपल्याच पोराचं नाव घालते; काकांची आई काकांचं घालत असणार. जी ओळ ते गावोगाव शोधत होते, तिच्यात ते स्वतःच होते. ताटली काखेतून निसटून खाली पडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी म्हणून पाहिलं, "पयत उना मना शंकऱ्या..."  मला तिकडे बघवेना, म्हणून मी ताटली उचलून पुसत बसलो.

आजीने मांडा घडी घालून ताटलीत ठेवला, वर तूप सोडलं. काकांनी तो पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत संपवला. माझ्यासाठी तुकडाही उरला नाही.

आजीने त्यांच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं आणि दुसरा मांडा खापरावरून उतरवला.

"शंकऱ्या," ती म्हणाली, "आखो एक ले रे."

काकांनी ताटली पुढे केली. त्या नावाने त्यांना हाक मारणारं घरात आता कुणीच उरलेलं नाही.